घाटाखालचा उपाय

(नंदगड येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)

खानापूर तालुक्यातला माणूस पोटापाण्यासाठी घाट उतरतो, त्याला आता पिढ्या झाल्या. बेळगावची भाजी आणि दूध गोव्याला जातं. इथली पोरं म्हापसा, पणजी, मडगावच्या हॉटेलांत आणि बांधकामांवर राबतात, गणपतीला आणि जत्रेला गावी येतात. या येण्याजाण्यात गोव्याच्या कितीतरी गोष्टी वर आल्या. एका गोष्टीबद्दल मात्र इकडे फारसं बोललं जात नाही, आणि आजचं व्याख्यान तिच्याबद्दलच आहे. ती गोष्ट म्हणजे नैराश्याच्या आजारावरचा एक उपचार. तो सरकारी दवाखान्यात किंवा रुग्णाच्या ओसरीवर बसून करता येतो, आणि तो करणारी माणसं डॉक्टर नसतात.

ऑक्टोबर २०१३ ते जुलै २०१५ या काळात गोव्यातल्या १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत हे काम चाललं होतं. लोक नेहमीच्याच तक्रारी घेऊन येत. कुणाचे गुडघे दुखतात, कुणाला जळजळतं, कुणाला झोप नाही, कुणाच्या हातापायांत त्राण नाही. त्या गर्दीतल्या मोठ्या माणसांना नऊ प्रश्न विचारले जात. गेल्या दोन आठवड्यांत कशातच गोडी वाटली नाही, असं किती दिवस झालं? उदास, हताश वाटलं का? झोप, भूक, थकवा यांचं काय? आपण कुचकामी आहोत, घरच्यांना खाली बघायला लावलं, असं मनात येतं का? लक्ष लागतं का? हालचाल मंदावली आहे, की उलट एका जागी बसवत नाही? आणि शेवटचा प्रश्न: मेलेलं बरं, असं वाटतं का? प्रत्येक उत्तराला शून्य ते तीन गुण, बेरीज जास्तीत जास्त २७. ज्यांची बेरीज १४च्या वर गेली, म्हणजे ज्यांचा आजार चांगलाच बळावलेला होता, त्यांना या कामात सहभागी व्हाल का, असं विचारलं गेलं.

हे प्रश्न जगभर वापरले जातात. त्यांत ‘तुमच्या आयुष्यात दुःख आहे का’ असा प्रश्न कुठेच नाही, हे नीट लक्षात घ्यायला हवं. दुःख सगळ्यांनाच असतं. भात आडवा झाला, कर्ज थकलं, घरातलं माणूस गेलं, तर जीव कळवळणारच. पण दुःखातल्या माणसाला शेजारीण भाकरी घेऊन आली की दोन घास जातात, नातू मांडीवर येऊन बसला की चेहरा क्षणभर का होईना सैलावतो. नैराश्याच्या आजारात हे सैलावणं बंद होतं. नातू मांडीवर येतो आणि काहीच वाटत नाही. मग, काहीच कसं वाटत नाही, याचाच अपराध मनाला खातो. पहाटे तीनला डोळे उघडतात आणि दिवस उजाडेपर्यंत एकच विचार डोक्यात फिरत राहतो. अंघोळ, वेणीफणी, दाढी ही कामं डोंगराएवढी होतात. हे दोन आठवडे आणि त्याहून जास्त दिवस रोज, जवळजवळ दिवसभर चालतं, तेव्हा वैद्यकशास्त्र त्याला आजार म्हणतं.

घरातल्यांना मात्र तो आजार दिसत नाही. त्यांना दिसते कामचुकार सून, चिडका मुलगा, कुरकुरा म्हातारा. रुग्णाला स्वतःलाही तो दिसत नाही, कारण त्याला जाणवतं ते शरीर. डोकं जड आहे, छातीत भरून आलंय, अंगात कणकण आहे. मग रक्त तपासलं जातं, सलाईन लावलं जातं, ताकदीची इंजेक्शनं घेतली जातात, बाहेरचं काही झालं असेल म्हणून अंगारा लावला जातो. रक्त तपासण्यात चूक काहीच नाही. थायरॉइड कमी पडला, रक्त कमी झालं, ब-१२ जीवनसत्त्व घटलं, तरी माणूस असाच मलूल होतो, म्हणून ते आधी पाहिलंच पाहिजे. चूक होते ती पुढे. सगळे अहवाल ‘नॉर्मल’ आले की घर म्हणतं, काही झालेलं नाही.

गोव्यातल्या संशोधकांनी या शरीराच्या भाषेचा माग फार चिकाटीने काढला. अंगावरून पांढरं जातं, कंबर दुखते, थकवा येतो, ही आपल्याकडच्या दवाखान्यांत बायकांची रोजची तक्रार. त्यावर बहुधा जंतुसंसर्गाच्या गोळ्या दिल्या जातात. ‘स्त्री आरोग्य शोध’ नावाच्या अभ्यासात सुमारे अडीच हजार स्त्रियांची तपासणी आणि विचारपूस झाली. या तक्रारीचा संबंध संसर्गापेक्षा मनावरच्या ताणाशी आणि नैराश्याशी अधिक घट्ट आढळला. वर्षानुवर्षं चुकीच्या गोळ्या खाणाऱ्या किती बायका असतील, या विचाराने अस्वस्थ व्हायला होतं.

त्याआधीचा, २००२ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास म्हापशाचा आहे. बाळंत झालेल्या स्त्रियांना सहा ते आठ आठवड्यांनी पुन्हा भेटून विचारपूस केली गेली. २५२ जणींपैकी ५९ जणींना, म्हणजे २३ टक्क्यांना, नैराश्याचा आजार होता. त्यांतल्या बहुतेकींची मनःस्थिती गरोदरपणातच ढासळलेली होती, आणि निम्म्याहून अधिक जणी सहा महिन्यांनंतरही आजारीच होत्या. गरिबी, नवराबायकोतले बिघडलेले संबंध आणि मुलगी होणं या गोष्टी आजाराशी जोडलेल्या दिसल्या. नंदगडमध्ये हे सांगताना संगोळ्ळी रायण्णांची समाधी आठवणं अपरिहार्य आहे. २६ जानेवारी १८३१ रोजी या वीराला इथे फाशी दिलं गेलं, आणि त्यांच्या समाधीवरच्या वडाला आजही लोक मूल व्हावं म्हणून पाळणे बांधतात. ही श्रद्धा मनापासूनची आहे. पाळणा हलल्यानंतर त्या पाळण्याच्या आईची झोप, भूक आणि डोळ्यांतलं पाणी यांचीही चौकशी तितक्याच मनापासून व्हावी, एवढंच मागणं आहे. बाळाचं वजन महिन्याच्या महिन्याला लिहिलं जातं. आईला दोन प्रश्न विचारायला कुणाचा किती वेळ जाईल?

हे सारं संशोधन ज्या संस्थेभोवती उभं राहिलं तिचं नाव ‘संगत’. मनोविकारतज्ज्ञ डॉ. विक्रम पटेल यांनी काही सहकाऱ्यांसह ती १९९६ साली गोव्यात सुरू केली. त्याआधी पटेल काही काळ झिंबाब्वेमध्ये काम करत होते. तिथे त्यांच्यापुढे जो प्रश्न उभा राहिला तोच गोव्यात होता: आजारी माणसं लाखांनी आणि मनोविकारतज्ज्ञ बोटांवर मोजण्याइतके, तेही शहरात. तज्ज्ञ वाढेपर्यंत थांबायचं तर एक पिढी जाईल. मग तज्ज्ञांच्या कामातला जो भाग दुसऱ्यांना शिकवता येण्यासारखा आहे तो शिकवून पाहायचा, असं ठरलं.

पहिला मोठा प्रयोग ‘मानस’ नावाचा. त्याचे निष्कर्ष २०१० साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आले. गोव्यातली १२ सरकारी केंद्रं आणि १२ खासगी दवाखाने, रुग्ण २,७९६. निम्म्या ठिकाणी एक प्रशिक्षित आरोग्य-समुपदेशक नेमला. तो आजार समजावून सांगे, झोपेच्या आणि श्वासाच्या साध्या गोष्टी शिकवे, गरजेप्रमाणे डॉक्टरांच्या गोळ्या चालू आहेत का ते पाही, आणि रुग्ण आला नाही तर त्याचा शोध घेई. सरकारी केंद्रांत, जिथे हा समुपदेशक होता, तिथले ६५.९ टक्के रुग्ण सहा महिन्यांत बरे झाले होते. जिथे नव्हता तिथे ४२.५ टक्के. खासगी दवाखान्यांत मात्र दोन्हीकडे जवळजवळ सारखंच, चौसष्ट आणि सहासष्ट टक्के. याचा एक अर्थ असा लागतो की खासगी डॉक्टर रुग्णाला वर्षानुवर्षं ओळखतो, दोन शब्द जास्त बोलतो, आणि ते बोलणंही औषधच असतं. सरकारी ओपीडीच्या रांगेत तो वेळ कुणाकडेच नसतो. समुपदेशकाने तो वेळ दिला. ज्या जागी माणूस सर्वांत एकटा होता, तिथेच फरक सर्वांत मोठा पडला.

२०१३ ते २०१५च्या ज्या कामापासून सुरुवात केली, ते याच्या पुढचं पाऊल. रुग्ण ४९५, सगळे मध्यम-तीव्र ते तीव्र आजाराचे. समुपदेशक गोव्यातलीच शिकलेली माणसं, पण मानसोपचाराची पदवी कुणाकडे नव्हती. त्यांना काही आठवड्यांचं प्रशिक्षण मिळालं, मग तज्ज्ञांच्या देखरेखीखाली उमेदवारी करावी लागली. त्यानंतर एकमेकांच्या भेटींचं ध्वनिमुद्रण ऐकून, एकमेकांचं काम तपासून ते शिकत राहिले. उपचार सहा ते आठ भेटींचा, साधारण आठवड्याला एक, प्रत्येक भेट तीस-चाळीस मिनिटांची. केंद्रात जमलं तर केंद्रात, नाहीतर रुग्णाच्या घरी.

या भेटींत काय घडतं, ते सविस्तर सांगण्यासारखं आहे. नैराश्यात माणूस एकेक गोष्ट सोडत जातो. आधी भजन सुटतं, मग शेजाऱ्याकडे जाणं, मग बाजार, मग शेतावर फेरी, मग अंघोळ. सोडलेल्या प्रत्येक गोष्टीबरोबर थोडंसं समाधान जातं, दोन माणसांचं बोलणं जातं, ‘मी हे केलं’ ही भावना जाते. त्यामुळे उदासी वाढते, आणि उदासी वाढली की आणखी काहीतरी सुटतं. आजारी माणूस म्हणतो, जरा बरं वाटू दे, मग करतो. समुपदेशक हा क्रम उलटा करायला शिकवतो: आधी थोडं करून पाहायचं, बरं वाटणं त्याच्या मागून येतं. अमेरिकेत पीटर लेविनसन आणि पुढे नील जेकबसन यांनी हा विचार मांडला आणि तपासला. आजाराच्या मुळाशी जाऊन बालपण खणण्यापेक्षा रोजच्या दिवसाची घडी हळूहळू पुन्हा बसवणंही गुणकारी ठरतं, असं त्यांना दिसलं. गोव्यात हाच विचार खेड्यातल्या दिवसाला बेतून घेतला गेला.

समजा, एक बाई पहिल्या भेटीत म्हणते, दिवसभर अंथरुणात असते, काही करवत नाही. तिला कुणी ‘उठा, हिंमत धरा’ म्हणत नाही. तिच्याबरोबर कालचा दिवस तासातासाने मांडला जातो. कुठल्या वेळी जीव सर्वांत जड होता? कुठल्या वेळी तसूभर हलका होता? कळतं की सकाळी परसात कोंबड्यांना दाणे टाकताना दहा मिनिटं डोक्यातला गलका थांबला होता. मग आठवड्याचं काम तेवढंच: रोज सकाळी दाणे आपण टाकायचे, आणि एकदा बहिणीला फोन करायचा. पुढच्या भेटीत झालं का, किती दिवस झालं, नाही झालं तर काय आडवं आलं, याचा विचार होतो. नाही झालं म्हणून रागावणं नाही. तिसऱ्या-चौथ्या भेटीपर्यंत देवळापर्यंत चालणं येतं, अडलेला एखादा प्रश्न येतो: रेशनकार्ड, सासूशी अबोला, पैशाची नड. एक प्रश्न निवडायचा, त्याचे तुकडे पाडायचे, पहिला तुकडा कधी आणि कुणाच्या मदतीने उचलायचा ते ठरवायचं. घरातलं एक माणूस तयार असेल तर त्यालाही बसवलं जातं.

हे ऐकायला फार साधं वाटतं, आणि तिथेच लोक फसतात. ‘कामात मन गुंतवा’ असं तर गावातलं कुणीही सांगतं. पण सांगून निघून जाणं आणि दर आठवड्याला येऊन, रुग्णाला झेपेल एवढंच काम त्याच्याकडूनच ठरवून घेणं, यांत महदंतर आहे. मोकळा उपदेश आजाऱ्याच्या अपराधी मनावर आणखी एक ओझं ठेवतो.

तीन महिन्यांनी मोजणी झाली. हा उपचार मिळालेल्यांपैकी ६४ टक्के लोकांच्या आजाराची लक्षणं जवळजवळ ओसरली होती; नुसता नेहमीचा दवाखाना, तोही निदान डॉक्टरांना कळवून सुधारलेला, ज्यांना मिळाला त्यांच्यात ३९ टक्के. आत्महत्येचे विचार कमी झाले होते. उपचार घेणाऱ्या बायकांवर नवऱ्याकडून होणारी मारहाणही कमी नोंदवली गेली, हे अनपेक्षित होतं. वर्षभरानंतर तपासलं तेव्हा फायदा टिकून होता. २०१७ साली हे सगळं प्रसिद्ध झालं. शंभरातल्या छत्तीस जणांना तीन महिन्यांत पुरतं बरं वाटलं नाही, हेही त्याच आकड्यांत लिहिलेलं आहे. त्यांना औषध लागतं, तज्ज्ञ लागतो, जास्त वेळ लागतो. म्हणून समुपदेशकाच्या पाठीशी डॉक्टर आणि मनोविकारतज्ज्ञ असावेच लागतात.

गोव्याबाहेरही हे दिसून आलं आहे. झिंबाब्वेत डॉ. डिक्सन चिबांडा यांची एक तरुण रुग्ण आत्महत्येने गेली; हरारेच्या रुग्णालयात यायला तिच्या घरच्यांकडे बसभाडं नव्हतं. चिबांडांनी मग दवाखान्यांच्या आवारात लाकडी बाक मांडले आणि वस्तीतल्या आज्यांना प्रश्न सोडवण्याची पद्धत शिकवून तिथे बसवलं. ५७३ रुग्णांवर घेतलेली त्याची चाचणी २०१६ साली प्रसिद्ध झाली, आणि आज्यांशी बोललेल्यांची लक्षणं स्पष्टपणे कमी होती. पावसाळ्यात जंगलातल्या वाड्यांवरून खानापूरला यायला दिवस मोडतो हे ज्यांना माहीत आहे, त्यांना त्या बसभाड्याचा अर्थ वेगळा सांगायला नको.

आणि विदर्भ. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत ‘विश्राम’ नावाचा उपक्रम झाला, डॉ. राहुल शिधये हे त्याच्या मागचं प्रमुख नाव. कापूस पिकवणारी, कर्जाने पिचलेली ही गावं. गावातल्याच कार्यकर्त्यांनी घरोघर जाऊन आजार समजावला, मानसिक प्रथमोपचार शिकवला, समुपदेशकाशी आणि पुढे डॉक्टरांशी गाठ घालून दिली. सुरुवातीला नैराश्याच्या शंभर रुग्णांमधले चार-पाच जणच कुणाची मदत घेत होते. दीड वर्षाने ते सत्तावीस झाले. वर्षभरात आत्महत्येचा विचार मनात येऊन गेलेल्यांचं प्रमाण ५.२ टक्क्यांवरून २.५ टक्क्यांवर आलं. शेतकऱ्याच्या आत्महत्येमागे कर्ज आणि भाव आहेतच, ते प्रश्न समुपदेशकाने सुटणार नाहीत. पण त्याच कर्जाखाली दबलेल्या दोन माणसांतला एक उद्याची वाट पाहतो आणि दुसऱ्याला उद्या दिसतच नाही, तेव्हा त्या दुसऱ्याला आजारही आहे का, हे विचारायलाच हवं.

आता औषधांबद्दल, कारण श्रोत्यांमध्ये त्याच शंका जास्त असतात. या औषधांच्या गोष्टीत एक धागा आपल्या सह्याद्रीतून जातो. पश्चिम घाटातही मिळणारी सर्पगंधा. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली तिचा रक्तदाबावरचा उपयोग ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये मांडला आणि ती जगभर गेली. तिच्यातून वेगळं काढलेलं रेसर्पिन घेणारे काही रुग्ण खिन्न होतात, असं डॉक्टरांच्या नजरेस आलं. त्याच सुमाराला अमेरिकेत क्षयाच्या रुग्णांना दिलेल्या एका औषधाने रुग्ण उलट उल्हसित होताना दिसले. मेंदूतल्या रसायनांचा आणि मनःस्थितीचा काही संबंध असावा, हा विचार अशा निरीक्षणांतून पुढे आला. १९५७ साली स्वित्झर्लंडच्या रोलंड कून यांनी इमिप्रामिनबद्दल लिहिलं, आणि नैराश्यावरच्या औषधांचं युग सुरू झालं. ‘एक रसायन कमी पडलं म्हणून नैराश्य येतं’ ही तेव्हाची सोपी मांडणी आज संशोधकांना अपुरी वाटते. पण औषधं पुष्कळांना उपयोगी पडतात, विशेषतः आजार तीव्र असेल तेव्हा, हे वारंवार तपासलं गेलं आहे.

आज दिल्या जाणाऱ्या फ्लुओक्सेटिन, एस्सिटालोप्राम, सर्ट्रालिन या गोळ्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे, कधी जास्तही लागतात. पहिल्या आठवड्यात मळमळ, अस्वस्थपणा जाणवतो, आणि नेमक्या त्याच वेळी लोक गोळी सोडतात. या गोळ्यांची नशेची सवय लागत नाही. ती लागू शकते झोपेच्या काही गोळ्यांची, ज्या लोक स्वतःच्या मनाने दुकानातून आणून वर्षानुवर्षं घेतात. बरं वाटल्यावरही साधारण सहा ते नऊ महिने औषध चालू ठेवायचं असतं आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू कमी करायचं असतं. ज्याला पूर्वी कधी अतिउत्साहाचे, झोपेवाचूनही न थकण्याचे, उधळपट्टीचे दिवस येऊन गेलेत, त्याने ते डॉक्टरांना आवर्जून सांगावं. त्याचा आजार वेगळा असू शकतो आणि औषधही.

बरं होणं एका रेषेत होत नाही. दहा दिवस चांगले जातात, अकराव्या दिवशी पुन्हा पहाटे तीनला जाग येते आणि माणूस खचतो की सगळं वाया गेलं. वाया काही गेलेलं नसतं. एकदा नैराश्याचा आजार होऊन गेलेल्यांपैकी निम्म्यांच्या आसपास लोकांना तो आयुष्यात पुन्हा गाठतो. म्हणून बरं झालेल्या माणसाने आपली सुरुवातीची लक्षणं ओळखून ठेवणं हा उपचाराचाच भाग आहे. कुणाची आधी झोप जाते, कुणी फोन उचलणं बंद करतो, कुणाला स्वयंपाकात मीठ पडलं की नाही आठवेनासं होतं. गोव्यातल्या शेवटच्या भेटीत समुपदेशक हेच करतो: कशाने बरं वाटलं, पुन्हा घसरण सुरू झाली तर पहिलं काय करायचं, कुणाला सांगायचं. घरच्यांनाही हे ठाऊक असेल तर दुसरी वेळ पहिलीइतकी खोल जात नाही.

मराठी सिनेमाने हे एकदा फार समजुतीने दाखवलं. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या ‘कासव’ला २०१६ सालच्या सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं राष्ट्रीय सुवर्णकमळ मिळालं. त्यात आयुष्य संपवायला निघालेला एक तरुण आहे आणि स्वतः नैराश्यातून सावरत असलेली जानकी त्याला आसरा देते. ती त्याच्यावर प्रश्नांचा भडिमार करत नाही, त्याचं नावगाव खणत नाही. जेवण, निवारा आणि वेळ देते. इरावती हर्षे आणि आलोक राजवाडे यांच्या त्या भूमिका ज्यांच्या घरात असं माणूस आहे त्यांनी जरूर पाहाव्यात. चित्रपटाचे निर्माते डॉ. मोहन आगाशे स्वतः मनोविकारतज्ज्ञ आहेत.

घरच्यांनी काय करावं, हे त्या जानकीकडून शिकता येईल. ‘तुला काय कमी आहे’ हे वाक्य तोंडातून काढू नये. जवळ बसावं, ताट आणून ठेवावं, दवाखान्यात बरोबर जावं, गोळीची आठवण करावी. आणि मरणाची भाषा ऐकू आली, ‘माझ्यामागे पोरांना सांभाळा’ असलं काही कानावर आलं, तर ते हसण्यावारी न नेता सरळ विचारावं: जीव द्यावा असं मनात येतं का? विचारल्याने तो विचार डोक्यात भरतो ही समजूत खोटी आहे. बहुतेकांना कुणीतरी विचारल्याने सुटकाच वाटते. त्या माणसाला मग एकटं ठेवू नये आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. लग्न जुळणार नाही, लोक काय म्हणतील, या भीतीने दवाखाना टाळणारी घरं पुढे याहून फार मोठी किंमत मोजतात.

राहता राहिला प्रश्न इथल्या सोयीचा. हा भाग मुंबई इलाख्यात होता तेव्हापासून मनोरुग्णांचं मोठं ठिकाण धारवाड; तिथली संस्था १८४५ पासूनची, आता ती ‘डिमहान्स’ म्हणून ओळखली जाते. कर्नाटकाने या क्षेत्रात देशाला वाट दाखवली आहे. बंगळुरूच्या निमहान्स या मानसिक आरोग्याच्या संस्थेने बळ्ळारी जिल्ह्यात जो प्रयोग केला त्यावरूनच १९९६ साली देशाचा जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम उभा राहिला. तालुका रुग्णालयात मंगळवारी मनोविकारतज्ज्ञ बसावा, अशी ‘मनोचैतन्य’ योजनाही राज्याने २०१४ साली आणली. निमहान्सच्याच २०१५-१६च्या राष्ट्रीय पाहणीत, नैराश्य असलेल्या शंभरातल्या सुमारे पंच्याऐंशी जणांपर्यंत कुठलाच उपचार पोचलेला नव्हता. त्या पाहणीतल्या बारा राज्यांत ना कर्नाटक होतं, ना महाराष्ट्र. सीमेवरच्या माणसाची या बाबतीत मोजदाद त्यात झालीच नाही.

२९ मे २०१८ पासून लागू असलेल्या मानसिक आरोग्य कायद्याने उपचार हा हक्क केला, विमा कंपन्यांना मनाच्या आजाराला शरीराच्या आजारासारखंच वागवायला सांगितलं, आणि आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असं धरून चालायला सांगितलं, म्हणजे त्याला शिक्षेऐवजी मदत मिळावी. १० ऑक्टोबर २०२२ पासून ‘टेली मानस’ची मोफत सेवा आहे. १४४१६ हा तिचा क्रमांक. रात्रीबेरात्री लावला तरी चालतो, आणि मराठीत बोलता येतं.

हे मराठीत बोलणं इथे फार महत्त्वाचं आहे. हाड मोडलं तर डॉक्टरला कुठलीही भाषा येत असली तरी चालतं. नैराश्याचा निम्मा उपचार बोलण्याचा, आणि मनातलं बोलायला घरातलीच भाषा लागते. गोव्याच्या चाचणीत कोकणी, मराठी, हिंदी, इंग्रजी यांपैकी रुग्णाला येईल त्या भाषेत समुपदेशन होत होतं. खानापूर तालुक्यात कन्नड बोलणाऱ्या घरी कन्नड आणि मराठी बोलणाऱ्या घरी मराठी बोलणारी माणसं या कामाला हवीत. ती बाहेरून आणायची गरजच नाही. इथल्या आशाताई, अंगणवाडीच्या सेविका, दोन्ही भाषा सहज बोलणाऱ्या बारावी-पदवी झालेल्या मुली गावोगाव आहेत. मध्य प्रदेशातल्या सिहोर जिल्ह्यात ‘संगत’ने आशा कार्यकर्त्यांनाच हा उपचार शिकवण्याचं काम केलं आहे. फक्त हे काम आशाताईंच्या आधीच वाकलेल्या पाठीवर फुकट टाकू नये. त्याचा मोबदला आणि त्यासाठीचा वेळ वेगळा धरावा.

एका रुग्णाच्या सहा ते आठ भेटी, प्रत्येक तीस-चाळीस मिनिटांची. बेरीज होते कमीत कमी तीन तास आणि जास्तीत जास्त पाच तास वीस मिनिटं. आरोग्य केंद्राच्या आरोग्य रक्षा समितीत गावातले प्रतिनिधी बसतात. तालुक्याला मनोविकारतज्ज्ञ कुठल्या वारी येतात त्याचा फलक केंद्राबाहेर दोन्ही भाषांत लावावा, बाळंतिणीच्या घरभेटीत सुरुवातीला सांगितलेले नऊ प्रश्न विचारले जावेत आणि पहिल्या दोन समुपदेशकांच्या प्रशिक्षणासाठी धारवाडला पत्र जावं, एवढे तीन ठराव त्या समितीच्या येत्या बैठकीत मांडता येतील. त्यासाठी लागणारी आकडेवारी या छापील व्याख्यानात दिलेली आहे.